चाळीस मिनिटं परत द्या : फिल्म क्लबच्या कार्यकारिणीला एका सभासदाचं खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आपला फिल्म क्लब.

विषय : ‘सोलारिस’ची कापलेली पहिली चाळीस मिनिटं सभासदांना परत मिळण्याबाबत.

महोदय आणि महोदया,

31 वर्षं एसटीत गेली. आधी कंडक्टर, मग वाहतूक नियंत्रक. तक्रारवही दुसऱ्यांपुढे सरकवण्यात हयात गेली. स्वतः तीत लिहायचा हा पहिलाच प्रसंग, तेव्हा भाषा कुठे कडक झाली तर सांभाळून घ्यावं.

पत्र खुलं ठेवलंय, कारण त्या रविवारी हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं होती आणि त्या सगळ्यांचं काहीतरी हरवलंय. बहुतेकांना ते माहीतही नाही. आपण रशियन दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्कीचा 1972चा ‘सोलारिस’ लावला होता. दिवे मालवले, आणि सचिव रिमोट हातात घेऊन म्हणाले, “सुरुवात जरा संथ आहे, सगळं पृथ्वीवरचंच आहे. आपण थेट अंतराळात जाऊ.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही गप्प बसलो, म्हणून निम्मा दोष माझा.

पडद्यावर गवत, घोडा, म्हातारा, गाड्यांचे दिवे सरसर पळाले आणि नायक केल्विन अवकाशस्थानकावर उतरला.

सिनेमा संपल्यावर चर्चेत तीन प्रश्न आले. पहिल्या रांगेतल्या ताईंनी विचारलं, ही बाई एकदम आली कुठून? एका तरुणाने विचारलं, शेवटी केल्विन ज्याच्यापुढे गुडघे टेकतो तो म्हातारा कोण? आणि मागून कुणीतरी म्हणालं, घरात पाऊस पडतोय, घर शाकारायला झालंय! सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना रिक्षात मात्र चुकल्यासारखं वाटायला लागलं. कारण या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या पळवलेल्या चाळीस मिनिटांत होती.

पहिला प्रश्न घेऊ. बर्टन नावाचा जुना वैमानिक केल्विनच्या घरी येतो. अनेक वर्षांपूर्वी सोलारिस ग्रहावरच्या समुद्रावर फेखनर नावाचा सहकारी हरवला, तेव्हा हा त्याला शोधायला गेला होता. धुक्यात त्याला पाण्यावर एक मूल दिसलं, सुमारे चार मीटर उंचीचं. चौकशी समितीने त्याला भ्रमिष्ट ठरवलं. त्या चौकशीची जुनी फीत तो घरी लावून दाखवतो. केल्विन हा मानसशास्त्रज्ञ, त्याला हे सगळं फिजूल वाटतं. दोघांचं वाजतं, आणि बर्टन मुलाला घेऊन तडक निघून जातो. मग गाडीतून तो घरी फोन लावतो. पडद्यावर त्याचा चेहरा दिसणारा फोन. आणि जे तोंडावर सांगायचं राहिलं ते सांगतो : नंतर फेखनरच्या घरी गेलो होतो, तिथे त्याचं पोरकं मूल पाहिलं, समुद्रावर दिसलं ते हेच.

म्हणजे काय, तर समुद्राने बुडणाऱ्या माणसाच्या डोक्यातून त्याचं मूल उचललं आणि पाण्यावर घडवलं. अख्ख्या सिनेमाची किल्ली या एका फोनमध्ये आहे. पुढे स्थानकावर केल्विनची मेलेली बायको हारी येऊन बसते ती याच रस्त्याने. ताई, तुमचा प्रश्न बरोबर होता. तुम्हाला किल्ली न देता कुलूप दाखवलं गेलं.

त्या फोननंतर येतो तो रस्ता. सचिव म्हणाले, रस्त्यावर काहीच घडत नाही. अहो, ज्या रस्त्यावर काही घडत नाही तोच चांगला रस्ता, हे कुठल्याही आगारात विचारा. पण ते सोडा. जवळपास पाच मिनिटं आपण बर्टनच्या गाडीबरोबर एका मोठ्या शहरातून जातो. उड्डाणपूल, बोगदे, एकावर एक रस्ते. हे चित्रण 1971मध्ये तोक्योत केलेलं. त्या काळच्या मॉस्कोत भविष्यातलं शहर म्हणून दाखवावं असं काही नव्हतं, तोक्योत आयतं होतं. हळूहळू अंधार पडतो, गाड्यांची गर्दी वाढते, आवाज चढत चढत कानात मावेनासा होतो. आणि झटकन सगळं थांबतं. संध्याकाळ, अंगण, झाडं, शांतता. रात्रपाळीची गाडी पहाटे आगारात लावून इंजिन बंद केल्यावर जी शांतता कानांवर आदळते, ती ज्याला माहीत आहे त्याला हा सांधा समजावून सांगावा लागत नाही. ती शांतता म्हणजे पृथ्वी. केल्विन ती सोडून चाललाय.

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा मॉस्कोला गेले असताना त्यांनी या सिनेमाचा सेट पाहिला होता. पुढे त्यांनी त्यावर लिहिलं. सुरुवात फार लांबली अशी लोकांची तक्रार त्यांच्याही कानावर आली होती. त्यांचं म्हणणं असं की निरोपाच्या त्या निसर्गाचे थर पाहणाऱ्याच्या मनात खोल जाऊन बसतात आणि स्थानकावर पोचल्यावर घराच्या ओढीसारखे छळायला लागतात. आता ज्यांच्या मनात काही बसूच दिलं नाही, त्यांना छळणार काय?

म्हातारा कोण, या प्रश्नाचं उत्तर तर एका वाक्याचं आहे. तो केल्विनचा बाप. पण वाक्याने भागत नाही. तो बर्टनला सहज सांगतो की हे घर आमच्या जुन्या पूर्वजांच्या घरासारखं बांधलंय, ते आवडायचं म्हणून. समुद्राने काही करायच्या कितीतरी आधी ते घर स्वतःच एक नक्कल आहे! आणि बाप-लेकातली ती कडू खोच : मला मूठमाती द्यायला तू नसशील, बर्टन असेल, याचा तुला हेवा वाटतो का, असं बाप विचारतो. केल्विन परत येईल तेव्हा बाप नसणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक आहे. केल्विन अंगणात कागदपत्रं जाळतो. सकाळी भर पावसात तो ओसरीवर भिजत बसून राहतो, टेबलावरच्या चहाच्या कपात पाऊस पडत राहतो.

तो पाऊस बाहेरचा. शेवटी केल्विन घरी परतल्यासारखा दिसतो, खिडकीतून आत पाहतो, तर पाऊस आत पडतोय. बापाच्या पाठीवर पाणी पडतंय, वाफ निघतेय, आणि बापाला पत्ताच नाही. समुद्राने घर घडवलं, बाप घडवला, पाऊसही घडवला. फक्त पाऊस कुठे पडायचा असतो ते त्याला कळलं नाही. मग बाप दारात येतो, केल्विन त्याच्यापुढे गुडघे टेकतो, अगदी रेम्ब्रांटच्या चित्रातल्या घरी परतलेल्या मुलासारखा. कॅमेरा वर वर जातो, घर लहान होतं, तळं, रस्ता, आणि सभोवार सोलारिसचा समुद्र. ते घर एका बेटावर आहे. सुरुवातीचा पाऊस ज्याने पाहिला नाही त्याला हा पाऊस गळकं छप्परच वाटणार. त्यात मागच्या रांगेतल्या गृहस्थांची चूक नाही.

इथपर्यंत कार्यकारिणीला वाटेल, तारकोव्हस्कीचा भक्त रागावलाय. तसं नाही. मी पुस्तकाच्या बाजूचा माणूस. आणि गंमत अशी की ज्याचं ते पुस्तक, त्या स्तानिस्वाव लेमने त्या रविवारी आपल्या सचिवांची पाठ थोपटली असती.

लेम पोलंडचा. 1921मध्ये ल्वोव्ह शहरात जन्म, पुढे क्राकूवमध्ये मुक्काम, 2006मध्ये निधन. ‘सोलारिस’ कादंबरी 1961ची. ती पृथ्वीवर सुरूच होत नाही. पहिल्या पानावर केल्विन यानातून सुटून कुपीत बसून स्थानकाकडे कोसळतोय. बाप नाही, घोडा नाही, तळं नाही. बर्टनही घरी येत नाही. त्याची साक्ष केल्विनला स्थानकावर एका जुन्या पुस्तकात वाचायला मिळते, आणि ते पुस्तक बघ अशी चिठ्ठी स्थानकावरच्या गिबारियन या मेलेल्या शास्त्रज्ञाने मागे ठेवलेली असते. तारकोव्हस्कीच्या पहिल्या पटकथेत तर गोष्टीचा मोठा भाग पृथ्वीवरच होता, केल्विनला मारिया नावाची दुसरी बायकोही होती. लेमला ते अजिबात पटलं नाही. तो मॉस्कोत काही आठवडे भांडत बसला आणि शेवटी दिग्दर्शकाला रशियनमध्ये मूर्ख म्हणून घरी निघून गेला. हे त्याने स्वतः एका दीर्घ मुलाखतीत सांगितलंय. याने ‘सोलारिस’ केलाच नाही, दस्तयेव्हस्कीचं ‘गुन्हा आणि शिक्षा’ केलं, असंही तो म्हणाला. शेवटचं ते घराचं बेट तर त्याला फारच खुपलं.

लेमची तक्रार नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती दोन माणसांच्या भांडणापेक्षा मोठी आहे. त्याच्या पुस्तकाचा नायक समुद्र आहे. सगळा ग्रह व्यापणारा, एकटा, जिवंत असावा असा, दोन सूर्यांच्या मधली स्वतःची कक्षा स्वतःच सांभाळणारा. त्याचा अभ्यास शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि त्या अभ्यासाचं ‘सोलारिस्टिक्स’ नावाचं अख्खं शास्त्र झालंय. स्थानकाच्या मधोमध बिनखिडक्यांचं ग्रंथालय आहे. केल्विन तिथे बसून वाचतो आणि आपण त्याच्या खांद्यावरून वाचतो : समुद्र काय काय आकार घडवतो, त्यांना कुणी काय नावं दिली, समोरची वस्तू पाहून तिची नक्कल करणारे ‘मिमॉइड’ कसे उठतात आणि विरतात, काही तासांत उभ्या राहून कोसळणाऱ्या प्रचंड रचना कशा असतात, त्यांत शिरून किती लोक मेले, आणि एवढं करून समुद्राबद्दल कळलं काय. नावं कळली. वर्गीकरण झालं. बाकी शून्य. पानंच्या पानं हे चालतं. पहिल्यांदा वाचताना मी कंटाळून दोनदा पुस्तक ठेवलं होतं, खोटं कशाला सांगू. तिसऱ्यांदा कळलं की तो कंटाळाच मुद्दा आहे. माणसांनी एका गोष्टीवर कपाटंच्या कपाटं भरली आणि ती गोष्ट तशीच समोर हलत राहिली.

आता सिनेमातलं ग्रंथालय आठवा (ते आपण पाहिलंत, तेवढी मेहरबानी झाली). लाकडी भिंती, मेणबत्त्या, ब्रॉयगेलचं ‘बर्फातले शिकारी’ हे चित्र, व्हीनसचा पुतळा, डॉन किहोतेचं पुस्तक. समुद्राबद्दलचं तिथे जवळजवळ काही नाही, सगळं पृथ्वीचं. तीस सेकंद गुरुत्वाकर्षण जातं आणि केल्विन-हारी त्या मेणबत्त्यांमध्ये तरंगतात. पाहताना श्वास अडकतो. पण पाहा, लेमच्या ग्रंथालयात माणसाने परक्याबद्दल लिहिलेलं सगळं आहे आणि तारकोव्हस्कीच्या ग्रंथालयात माणसाने स्वतःबद्दल केलेलं सगळं. माझ्या मते पुस्तक आणि सिनेमा यांची वाट या एका खोलीत फुटते. इतर फरक मोजत बसायची गरज नाही.

तरी एक मोजतोच, कारण तो माझ्या धंद्याचा. स्थानकावर आल्यावर केल्विनला शंका येते की आपल्याला वेड तर लागलं नाही? वेड्याला ते कसं कळावं? डॉक्टरला विचारावं तर डॉक्टरही स्वप्नातलाच असेल. मग तो युक्ती काढतो. वर फिरणाऱ्या उपग्रहाकडून त्याच्या कक्षेचे आकडे मागवतो, न बघता खणात टाकतो, आणि तेच आकडे स्वतंत्रपणे गणिताने काढतो. अशी गणितं वेड्याच्या मेंदूला झेपणारी नसतात. दोन्ही जुळले तर बाहेर काहीतरी खरं आहे. जुळतात, दशांश चिन्हापुढच्या काही घरांपर्यंत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मुक्कामी गाडीत, मागच्या बाकावर, बॅटरीच्या उजेडात होतो. गाव झोपलं होतं, ड्रायव्हर टपावर झोपला होता. कॅश आणि वेबिल दोनदा जुळवून, पिशवी उशाला घेऊन आडवं व्हायची माझी सवय. हिशेब जुळला की जग जागेवर आहे असं वाटतं. केल्विनचा हिशेब जुळतो आणि त्यालाच जास्त भीती वाटते, कारण आता स्थानकावर दिसतंय ते सगळं खरं आहे! हे दोन-तीन पानांचं प्रकरण सिनेमात नाही. तारकोव्हस्कीच्या केल्विनला आपण शुद्धीवर आहोत का यापेक्षा आपण गुन्हेगार आहोत का, हे विचारायचंय.

पुस्तकाच्या बाजूचा असूनही एक कबूल करतो. लेमच्या कादंबरीत गिबारियनची ‘पाहुणी’, म्हणजे समुद्राने त्याच्या मनातून घडवून पाठवलेली, ती गवताचा घागरा घातलेली एक अवाढव्य काळी बाई. गोऱ्या माणसाच्या मनातलं लाजिरवाणं काहीतरी दाखवायचं म्हणून लेमने ती घातली असेल, पण आज ते पान वाचताना लाज वाटते ती लेमची. तारकोव्हस्कीने तिथे एक लहान मुलगी आणली, काही न बोलता कॉरिडॉरमधून चालत जाणारी. गिबारियनने तिच्याशी काय केलं असेल, हा विचार आपल्यालाच करायला लावला. तिथे सिनेमा पुस्तकाच्या पुढे गेला. आणि हवेच्या झरोक्याला कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे रात्री पानांची सळसळ ऐकू येते, ही स्थानकावरच्या स्नाउट या शास्त्रज्ञाची सिनेमातली सूचना! पृथ्वीपासून इतक्या लांब, कागदाची पानं. लेमने हे लिहिलं असतं तर मला त्याचा अभिमान वाटला असता.

हारीच्या बाबतीत मात्र माझं मन ठरत नाही. दोघांच्याही हारीला ठाऊक नसतं की ती कोण. तिच्या पोशाखाला बंद नाही, तो कात्रीने कापावा लागतो, कारण केल्विनला तो पोशाख आठवतो पण त्याचे बंद कुठे होते ते आठवत नाही. ती दार तोडून बाहेर येते, कारण केल्विनपासून लांब राहणं तिला जमत नाही. द्रवरूप ऑक्सिजन पिऊन मरते आणि थरथरत पुन्हा जिवंत होते. सिनेमात नतालिया बोंदार्चुकने ते जसं केलंय ते पाहून आमच्या मंडळींनी “बंद करा ते” म्हटलं होतं. पुस्तकात आपण केल्विनच्याच डोक्यात बसून हे सगळं पाहतो, त्याचं ‘मी’ सुटत नाही. सिनेमात हारी आरशात स्वतःला पाहते आणि क्षणभर तो सिनेमा तिचा होतो. नक्कल असलेलं माणूस माणसापेक्षा माणसासारखं होत जातं. लेमला हे नको होतं. प्रेमाची गोष्ट त्याच्यासाठी समुद्राकडे जायची वाट होती, मुक्काम नव्हता. पण वाट इतकी बरी निघाली तर प्रवाशाने उतरूच नये का?

त्याच्या पुस्तकाचा शेवट वेगळा आहे, आणि माझ्या मते अवघड आहे. हारी गेलेली. केल्विन आणि स्नाउट एका अपूर्ण देवाबद्दल बोलतात : ज्याची शक्ती त्याच्या समजेपेक्षा मोठी, ज्याने घड्याळं केली पण ती मोजतात तो काळ केला नाही, असा देव. मग केल्विन पहिल्यांदाच खाली समुद्राकाठी जातो. एका जुन्या मिमॉइडवर उतरून पाण्यापाशी बसतो, हात पुढे करतो. लाट येते, थबकते, मागे सरते, पुन्हा येते, आणि हाताभोवती पसरते, पण हाताला टेकत नाही. मध्ये हवेचा पातळ थर ठेवते. पुन्हा तेच, पुन्हा तेच. मग तिला त्यात रस उरत नाही. बस. शंभर वर्षांच्या शास्त्राने, इतक्या मृत्यूंनी जे साधलं नाही ते एवढंच साधतं, आणि ते काय साधलं हेही कळत नाही. केल्विन तिथेच थांबायचं ठरवतो, कशाची तरी आशा न ठेवता, आणि तरी कशाची तरी वाट बघत.

जयंत नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला विज्ञानकथेत शेवटी कोडं सुटण्याची सवय. लेमने ती मोडली, आणि तारकोव्हस्कीने त्या मोडलेल्या जागी एक घर बांधून दिलं. लेम चिडला तो यावर. त्या समुद्राला आपण कधीच कळणार नाही आणि तो आपल्याला, हे सहन करा, असं त्याचं म्हणणं. तारकोव्हस्की म्हणतो, सहन होत नाही, माणसाला माणूस हवा. गंमत म्हणजे हे वाक्य त्याने लेमच्याच स्नाउटच्या बोलण्यातून पुढे ओढलं. आपल्याला दुसरी जगं नकोत, आरसे हवेत, असं स्नाउट पुस्तकातही म्हणतो. पण लेमच्या पानावर ते माणसाच्या कोतेपणाचं दुखणं आहे, आणि सिनेमात जवळजवळ प्रार्थना.

हे भांडण बघायचं तर दोन्ही बाजू पुऱ्या दिसल्या पाहिजेत. पृथ्वीचा भाग कापून सिनेमा पुस्तकाजवळ जात नाही, सचिवसाहेब. तो कुठेच जात नाही. सिनेमा पुस्तकाशी भांडायला उभा राहिला होता, तुम्ही त्याचे पायच काढून घेतले. बरं, हेच काम आधीही करून पाहिलेलं आहे. सिनेमा तयार झाल्यावर सोव्हिएत चित्रपट खात्याच्या साहेबांनी दुरुस्त्यांची लांबलचक यादी दिली होती. हे काढा, ते कमी करा, देवाधर्माचा विषय नको. तारकोव्हस्कीने बहुतेक धुडकावल्या, तरी सिनेमा प्रदर्शित झाला, 1972मध्ये कान चित्रपट महोत्सवातून ज्युरीचं विशेष पारितोषिकही घेऊन आला. मॉस्कोच्या साहेबांना जे यादी देऊन जमलं नाही ते आपण रिमोटने करून दाखवलंत.

आता पुढच्या महिन्याच्या सूचनेबद्दल. ग्रुपवर आलंय की सभासदांच्या आग्रहास्तव याच कादंबरीवरचा 2002चा अमेरिकन सिनेमा लावणार, “तो जरा सुटसुटीत आहे”. स्टीव्हन सोडरबर्गचा तो सिनेमा मी पाहिलाय. जॉर्ज क्लूनी, नताशा मॅकेल्होन, दीड तासाच्या थोडा पुढे. वाईट नाही. नवरा-बायकोच्या नात्यातलं जे काही लेमने दोन ओळींत उरकलं ते त्याने चांगलं उलगडलंय. पण त्यात समुद्र म्हणजे खिडकीबाहेरचा रंगीत देखावा. सिनेमा न पाहता, नुसती परीक्षणं वाचूनच लेमने लिहिलं होतं की माझ्या पुस्तकाचं नाव ‘सोलारिस’ आहे, ‘अंतराळातलं प्रेम’ नाही. म्हातारा ऐंशी ओलांडलेला होता, पण तिरकसपणा शाबूत. तेव्हा तो सिनेमा जरूर लावा, पण बदली गाडी म्हणून लावू नका. मूळ गाडी रद्द करून दुसऱ्याच मार्गाची गाडी फलाटावर लावली आणि “हीपण तिकडेच जाते” म्हटलं, तर प्रवासी काय म्हणतात ते मी ऐकलेलं आहे.

पुस्तकाबद्दल एक अडचण आधीच सांगतो, म्हणजे कुणी वाचलंच तर माझ्यासारखा गोंधळ होणार नाही. मी घेतलेली जुनी इंग्रजी प्रत पुण्यात फुटपाथवर मिळाली, पाठ फाटलेली. त्यात हारीचं नाव रेया आहे आणि स्नाउटचं स्नो. पुढे सिनेमा पाहिला तेव्हा मला वाटलं, रशियनांनी नावं बदलली. उलटं होतं. 1970चा तो इंग्रजी अनुवाद पोलिशवरून केलेलाच नव्हता, फ्रेंच अनुवादावरून केला होता. लेम इंग्रजी उत्तम वाचायचा आणि तो त्याला आवडत नव्हता. पोलिशवरून थेट इंग्रजीत ही कादंबरी आली ती 2011मध्ये, बिल जॉन्स्टन यांनी केलेली, लेम जाऊन पाच वर्षं झाल्यावर. चाळीस वर्षं इंग्रजी वाचणारं जग, आणि त्या इंग्रजीवर अवलंबून असलेले आपण, दुसऱ्या हाताने आलेल्या लेमबद्दल मतं देत होतो. आणखी एक बारीक गोष्ट : पोलिशमध्ये सोलारिस स्त्रीलिंगी आहे, एका रशियन अनुवादात ती पुल्लिंगी झाली. मराठीत कुणी हे पुस्तक आणायला बसलं तर पहिल्याच पानावर ‘ती’ की ‘तो’ हे ठरवावं लागेल. मी असतो तर ‘ती’ ठेवली असती, आणि समुद्राला ‘तो’. एकाच जागेला दोन्ही, आपल्याला सवय आहे.

तर मागणी अशी. ‘सोलारिस’ पुन्हा लावावा, पुरता, पावणेतीन तास. सिनेमा मुळातच दोन भागांत आहे, मध्ये चहाला जागा आहे. चहाचं मी बघतो. सुरू होण्याआधी वीस मिनिटं पुस्तकातली काही पानं मोठ्याने वाचावीत : ग्रंथालयातलं एखादं आणि शेवटचं, लाटेचं. मराठीत मी करून आणतो. इंग्रजीवरून करावं लागेल, त्याबद्दल लेमची माफी आधीच मागून ठेवतो. कंटाळा येईल त्याने खुशाल बाहेर जावं, दार उघडं ठेवू. रिमोट मात्र त्या दिवशी माझ्याकडे असावा.

तारीख शक्यतो जुलैमधली धरावी. शाळेच्या त्या हॉलचा पश्चिमेकडचा कोपरा पावसात गळतो, मागच्या वर्षी तिथे बादली ठेवली होती. त्या बाजूच्या आठ खुर्च्या राखून ठेवायला सांगा. मागच्या रांगेतल्या त्या गृहस्थांना मी स्वतः निरोप देणार आहे.

वर्गणीच्या पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

आपला,
एक सभासद
(एसटीतून निवृत्त वाहतूक नियंत्रक)